मदत हवी आहे : नाशिकमधील लहान बागेत ८० मीटर बँडसाठी कोणता अँटेना उभारावा?

नमस्कार.

नाशिकमध्ये मखमलाबादच्या बाजूला आमचे दुमजली घर आहे आणि त्याभोवतीच्या लहानशा बागेत ८० मीटर बँडसाठी (सुमारे ३.५ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींसाठी) अँटेना उभारण्याचा विचार आहे. माझा हॅम (हौशी रेडिओ) परवाना रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा असल्यामुळे ५० वॅटच्या आतच काम करायचे आहे. परदेशी स्टेशने गाठणे हा हेतू नाही. संध्याकाळनंतर मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर येथील मंडळींशी भरवशाने बोलता यावे, एवढीच अपेक्षा आहे. दिवसा हे काम ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडवर होते. पण अंधार पडल्यावर आयनांबर (लहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर) विरळ होत जाते, सरळ वर पाठवलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत खाली येत नाहीत आणि मुंबई-पुणे ऐकू येईनासे होऊन दूरची स्टेशने मात्र स्वच्छ येऊ लागतात. म्हणून ३.५ मेगाहर्ट्झकडे वळणे भाग आहे.

अडचण जागेची आहे. प्लॉट १२ बाय १८ मीटरचा, म्हणजे कर्ण जेमतेम साडेएकवीस मीटर. ३.६ मेगाहर्ट्झचा अर्धतरंग डायपोल (मध्यभागी केबल जोडलेली, अर्ध्या तरंगलांबीची तार) सुमारे ४० मीटर लांब होतो. पुढच्या एका कोपऱ्यात महावितरणचा खांब असून त्याच्या तारा कुंपणालगत जातात, त्यामुळे तो कोपरा मी पूर्णपणे सोडून दिला आहे. तार तुटली तरी विजेच्या तारांपर्यंत पोहोचता कामा नये. दुसऱ्या कर्णावर मागे नारळाचे झाड आहे, पुढे फाटकाजवळ लोखंडी पाइप रोवता येईल आणि मध्ये गच्चीवर फायबरचा खांब उभा केल्यास जमिनीपासून १० मीटर उंची मिळेल.

लूपचा (वर्तुळाकार अँटेनाचा) पर्याय मी आधी तपासला, कारण तो गच्चीच्या कोपऱ्यात मावतो. परंतु २२ मिलिमीटर तांब्याच्या नळीचा १ मीटर व्यासाचा लूप घेतला, तर ३.६ मेगाहर्ट्झवर त्याचा प्रारण-रोध (लहरी होऊन बाहेर पडणाऱ्या शक्तीचे माप) ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी येतो आणि नळीचा स्वतःचा रोध त्याच्या पन्नासपटीहून अधिक भरतो. हिशेब केला असता ५० वॅटपैकी एक वॅटदेखील हवेत जात नाही. निव्वळ ऐकण्यासाठी असा लूप उत्तम, कारण तो फिरवून गोंगाटाची एक दिशा दाबता येते. प्रसारणासाठी मात्र मी तो बाद केला.

उलट्या एल आकाराची तार, म्हणजे १० मीटर उभी आणि १० मीटर आडवी, जागेत बसते. तिला जमिनीवर रेडियल (पायथ्यापासून चहूकडे पसरलेल्या तारा) लागतात आणि इथली काळी माती पावसाळ्यात ओलीचिंब असली तरी उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत वाळते. रेडियल अपुरे असतील, तर बरीच शक्ती मातीत उष्णता होऊन जाते आणि मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला आहे ते दाखवणारे प्रमाण) मात्र छान दिसतो, ही त्यातली फसवी गोष्ट आहे. शिवाय उभ्या भागाची शक्ती क्षितिजाकडे जाते. दोनशे किलोमीटरवरच्या पुण्यासाठी ती जवळजवळ सरळ वर जायला हवी.

म्हणून माझा कल वाकवलेल्या डायपोलकडे आहे : मधले २० मीटर कर्णावर, आणि दोन्ही टोकांकडचे प्रत्येकी १० मीटर कुंपणाच्या आतल्या बाजूने वळवलेले. प्रवाह मध्यभागी सर्वाधिक असतो आणि टोकांकडे शून्यावर येतो, त्यामुळे टोके वाकवल्याने फारसे बिघडू नये असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का? ४० मीटरसाठी त्याच फीडपॉइंटला (केबल जोडायच्या जागी) १०-१० मीटरच्या आणखी दोन तारा जोडाव्यात, की हे सगळे सोडून एकाच टोकाला ४९:१ (रोध जुळवणारा) ट्रान्सफॉर्मर लावलेली ४० मीटरची तार घ्यावी? मागच्या भिंतीपलीकडे द्राक्षबाग आहे. तिच्या मांडवाच्या लोखंडी तारांचा त्रास होईल का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (सिन्नरहून)

आपला तर्क बरोबर आहे. ८० मीटरवर १० मीटर उंची म्हणजे तरंगलांबीचा आठवा भाग, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलण्यासाठी ती पुरेशी आहे. दोन गोष्टी सांभाळा. टोकांशी प्रवाह नसला तरी व्होल्टेज सर्वांत जास्त असते, ५० वॅटलाही चटका बसतो. तेव्हा तार कुंपणावर न टेकवता किमान ३ मीटर उंचीवर ठेवा, म्हणजे मुलांचा हात पोहोचणार नाही. दुसरे, मांडवाच्या तारांना समांतर आणि जवळून ती नेऊ नका. तो दहा मीटरचा तुकडा मागच्या भिंतीलगत न नेता बाजूच्या भिंतीकडे वळवा.

४९:१ चा मार्ग सोपा वाटतो, पण त्यात कोअॅक्सची (सेटकडून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलची) बाहेरची जाळी अँटेनाचाच भाग होऊन बसते आणि घरातल्या एलईडी दिव्यांचा, चार्जरचा गोंगाट थेट रिसीव्हरपर्यंत येतो. आपण आपल्या दोन जोड्यांच्या बेतावरच राहावे. आधी ८० च्या तारा दोन्ही बाजूंनी सारख्याच कापत जुळवा, मग ४० च्या. पीव्हीसीची वायर वापरणार असाल तर लांबी सूत्रापेक्षा थोडी कमी भरेल, पण सुरुवातीला जास्तच ठेवा. फीडपॉइंटला ३१ मिक्स प्रकारच्या फेराइट रिंगवर आरजी-५८ कोअॅक्सचे दहा-बारा वेढे घालून चोक करा, म्हणजे जाळीवरून येणारा प्रवाह अडेल. काहीही उभारण्यापूर्वी तात्पुरती तार लावून सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करून ऐका. गोंगाट उतरला तर त्याचे मूळ घरातच आहे.

नारळाला तार घट्ट बांधू नका. झाड वाऱ्यात हलते, आणि वाळलेली झावळी तारेवर पडली की तार तुटलीच. कप्पीतून नायलॉनचा दोर नेऊन त्याला वजन लटकवा. मे महिन्यातल्या वळवाच्या दिवसांत काम झाले की कोअॅक्स घराबाहेरच सोडवून ठेवत जा.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. ४९:१ चा विचार सोडला, आणि मागची तार बाजूच्या भिंतीकडे वळवतो. तिथे पेरूचे झाड असल्याने ३ मीटरची उंचीही सहज मिळेल. एक शंका उरते. कप्पीच्या दोराला वाळू भरलेला पाच लिटरचा कॅन लटकवण्याचा विचार आहे, पण गच्चीवरचा फायबरचा खांब तेवढी ओढ सहन करील का? वाकवलेल्या तारेची ओढ दोन्ही बाजूंनी कर्णाच्याच दिशेने येईल असे नाही, म्हणून खांबाला तिन्ही बाजूंनी ताण (आधाराचे दोर) द्यावेत की दोन पुरतील, हे ज्यांनी असा खांब उभारला आहे त्यांनी कृपया सांगावे.