सैल माती भिजल्यावर फुगण्याऐवजी खचते, तिथे बिशपचं सूत्र अपुरं पडतं

प्रश्न असा की मृदा-अभ्यासक बिशप यांच्या १९५९ च्या सूत्राने अर्धवट ओल्या मातीचा इफेक्टिव्ह स्ट्रेस (म्हणजे कणांच्या सांगाड्यावर प्रत्यक्ष येणारा ताण) काढला, की मातीच्या वागण्याचं मॉडेल पूर्ण झालं का? माझ्या मते नाही, आणि अडतं ते नेमकं माती भिजताना.

वाळूचे दोन कण एकमेकांना टेकलेत आणि सांध्यात पाण्याचं इवलंसं कडं अडकलंय, असं डोळ्यांसमोर आणा. या पाण्याचा दाब हवेपेक्षा कमी असतो. हा फरक म्हणजे सक्शन. तोच कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. पाणी वाढलं की कडं फुगतं, वक्रता कमी होते, सक्शन घटतं. बिशपच्या सूत्रात सक्शनचा वाटा धरलेला असतो, म्हणून त्याप्रमाणे इफेक्टिव्ह स्ट्रेस कमी झाला, म्हणजे माती फुगायला हवी. पण सैल माती भाराखाली भिजली तर चक्क खचते! पकड सुटते आणि कण घसरून पोकळ्यांत जाऊन बसतात. जेनिंग्ज आणि बर्लंड यांनी हा आक्षेप १९६२ मध्येच घेतला होता.

म्हणून फ्रेडलंड आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९७७ मध्ये नेट स्ट्रेस (एकूण ताण वजा हवेचा दाब) आणि सक्शन ही दोन स्वतंत्र चलं धरली. १९९० च्या बार्सिलोना मॉडेलमध्ये तर सक्शन घटताच यील्डची मर्यादाही (जिच्यापुढे माती कायमची दबते) आकसते, त्यामुळे खचणं गणितातच येतं.

एक विनंती: पाणी धरून ठेवण्याचा वक्र, म्हणजे कोणत्या सक्शनला मातीत किती पाणी राहतं याचा आलेख, एकच मानू नका. रुंद पोकळीतलं पाणी अरुंद तोंडामुळे अडून राहतं, म्हणून त्याच सक्शनला सुकणाऱ्या मातीत पाणी जास्त, भिजणाऱ्या मातीत कमी. सुकतानाचा वक्र मोजून तोच पावसाच्या गणितात घालणं ही मला फार गंभीर चूक वाटते.