फॅटी लिव्हर, कपालभाती आणि सी विंगमधलं घोरणं

कुलकर्णी काका (ए-२०३): आलेला मेसेज पुढे पाठवतोय. 'फॅटी लिव्हर? गोळी नको, पथ्य नको! रोज सकाळी १५ मिनिटं कपालभाती करा. यकृतातली चरबी वितळून श्वासावाटे बाहेर पडते. परदेशी शास्त्रज्ञांनीही मान्य केलं! दहा जणांना पाठवा.'

प्राजक्ता (बी-५०१): काका, अगदी वेळेवर आलं. ऑफिसच्या चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली, त्यात 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहून आलंय. मी बारीक आहे, दारूला शिवत नाही. मला कसं काय?

सावंत (सी-४०४): न पिताही लिव्हरवर चरबी येणार असेल तर मी इतकी वर्षं उगाच हात आखडता घेतला 😄

पाटील (सेक्रेटरी): उद्या सकाळी १० ते १ टाकीची सफाई आहे. पाणी भरून ठेवा. चालू द्या तुमचं.

शिंदे काकू (ए-३०१): मी योगाचे वर्ग घेते म्हणून बोलते. कुलकर्णी भाऊजी, पहिली गोष्ट म्हणजे कपालभाती हा प्राणायाम नाहीच. हठप्रदीपिकेत ती षट्कर्मांत आहे, धौती, बस्ती, नेती यांच्या पंगतीत. म्हणजे शुद्धिक्रिया. आणि तिचं फळ काय सांगितलंय, तर कफदोष जातो. यकृताचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. दुसरं, तुम्हाला बीपी आहे, शिवाय मागच्या वर्षी हर्नियाचं झालं. तुम्ही जोरात झटके द्यायचे नाहीत. तुम्ही सावकाश दीर्घ श्वसन करा, अनुलोम-विलोम करा, तेही कुंभक न करता, म्हणजे श्वास रोखून न धरता.

कुलकर्णी काका (ए-२०३): वहिनी, पण 'शास्त्रज्ञांनी मान्य केलं' असं स्वच्छ लिहिलंय. डॉक्टरीणबाई कुठे आहेत?

डॉ. सुनीता (सी-१०२): ओपीडीत होते काका. यात एक गोष्ट खरी आहे, म्हणूनच मेसेज इतका पटतो. चरबी जळते तेव्हा तिचा मोठा भाग खरोखर श्वासातूनच जातो. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशोब मांडला होता. १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. पण त्याच लेखात हेही होतं की नुसता जोरजोरात श्वास घेऊन वजन उतरत नाही. आधी शरीराला ऊर्जा लागली पाहिजे, मग चरबी जळते, मग तो वायू तयार होतो. वायू तयारच झाला नसेल तर भराभर श्वास सोडून तुम्ही फक्त रक्तातला आहे तो कार्बन डायऑक्साइड घालवता. मग बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि माणसाला वाटतं, 'लागू पडतंय बुवा!'

सावंत (सी-४०४): म्हणजे धुरांड्याला पंखा लावला म्हणून चुलीतली लाकडं जास्त जळत नाहीत.

डॉ. सुनीता (सी-१०२): चुलीत फुंकर मारली तर जळतात हो, म्हणून हा दाखला थोडा फसवा आहे. शरीरात ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून चरबी साठत नाही. ती साठते ती इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून. पोटावरच्या चरबीतून सतत फॅटी अॅसिड लिव्हरकडे येत राहतात, वर साखर आणि मैदा यांपासून लिव्हर स्वतःही चरबी बनवतं.

प्राजक्ता (बी-५०१): पण माझं पोटही फारसं नाही हो.

डॉ. सुनीता (सी-१०२): टेपने मोज. आपल्याकडे बायकांचा कमरेचा घेर ८० सेंमीच्या आत हवा, पुरुषांचा ९० च्या आत. हातपाय काटकुळे आणि चरबी सगळी आत, ही आपली भारतीय ठेवण. बारीक माणसांतही फॅटी लिव्हर सर्रास दिसतं. आणि तुझ्या हातात काय असतं ते मी लिफ्टमध्ये पाहते. कोल्ड कॉफीचा मोठा ग्लास आणि वर डब्यातला ज्यूस. नुसती काळी कॉफी पी, ती लिव्हरला चांगलीच.

प्राजक्ता (बी-५०१): लिफ्ट वापरणं बंद करावं लागणार.

डॉ. सुनीता (सी-१०२): तेही औषधच आहे, पाचवा मजला आहे तुझा.

कुलकर्णी काका (ए-२०३): ते ठीक. पण श्वासाने लिव्हरला मसाज होतो की नाही?

डॉ. सुनीता (सी-१०२): लिव्हर डायफ्रॅमला, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याला, खालून चिकटूनच असतं, त्यामुळे प्रत्येक श्वासाला खाली-वर होतंच. सोनोग्राफीवाला 'श्वास घ्या, रोखून धरा' म्हणतो तो त्यासाठीच. फासळ्यांमागचं लिव्हर खाली उतरून नीट दिसतं. पण हलण्याने चरबी वितळत असती तर दिवसभरात हजारो श्वास घेणाऱ्या कुणालाच फॅटी लिव्हर झालं नसतं.

शिंदे काकू (ए-३०१): माझ्या वर्गातल्या दोघींचे रिपोर्ट सुधारले, हे मात्र मी पाहिलंय.

डॉ. सुनीता (सी-१०२): सुधारलेच असतील काकू, मी नाकारत नाही. पण तुमच्या वर्गात तासभर सूर्यनमस्कार असतात, नंतर त्या दोघी टेकडीवर जातात आणि तुम्ही त्यांचा रात्रीचा भात बंद केलात. त्यातून श्वास तेवढा वेगळा काढून त्याला श्रेय कसं द्यायचं? सावकाश श्वसनाने बीपी थोडं उतरतं, मन शांत होतं, ताणापायी रात्री डबे उघडून खाणं कमी होतं. एवढं मी पेशंटला स्वतः सांगते. लिव्हरचा हिशोब मात्र वजनावर चालतो. ५ टक्के उतरलं की चरबी कमी व्हायला लागते. सूज आणि आतले व्रण मागे हटवायचे तर ७ ते १० टक्के लागतात. काका, तुमचं वजन किती?

कुलकर्णी काका (ए-२०३): ७८.

डॉ. सुनीता (सी-१०२): मग साडेपाच ते पावणेआठ किलो. घाई नको, वर्षभरात. आणि लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारं फायब्रोस्कॅन सांगून किती महिने झाले?

कुलकर्णी काका (ए-२०३): लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी नॉर्मल आलंय ना.

डॉ. सुनीता (सी-१०२): एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हर आतून कडक होत असू शकतं. तुमचं वय, एसजीओटी (हाही लिव्हरच्या रक्ततपासणीतलाच आकडा), एसजीपीटी आणि प्लेटलेट्स एवढ्यावरून या कडकपणाचा अंदाज देणारा फिब-४ नावाचा आकडा निघतो. ६५ च्या आतल्यांना १.३ पेक्षा कमी असला की बहुतेक निश्चिंती, तुमच्या वयाला २ पर्यंत चालतो. मला रिपोर्टचा फोटो वेगळा पाठवा, ग्रुपवर नको. आणि त्या कोविडच्या दिवसांपासूनचा गुळवेलीचा काढा अजून चालू असेल तर थांबवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या होत्या. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं. पण आधीच आजारी लिव्हरवर हा प्रयोग कशाला?

सावंत (सी-४०४): एकूण काय, श्वासाचा आणि लिव्हरचा काही संबंध नाही. झोपा आता.

डॉ. सुनीता (सी-१०२): उलट, तुमच्या बाबतीत आहे सावंत. श्वासाचा आणि लिव्हरचा खरा संबंध रात्रीचा. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, माणूस दचकून परत श्वास घेतो. रात्रभर हेच. स्लीप अॅप्निया. अशांमध्ये फॅटी लिव्हर जास्त सापडतं, बीपी आणि साखरेचं तर विचारूच नका.

जोशी (सी-४०३): सावंतसाहेब, राग मानू नका, पण भिंत एकच आहे आपली. मध्येच आवाज पूर्ण बंद होतो तेव्हा आम्ही दोघं उठून बसतो.

सावंत वहिनी (सी-४०४): अहो जोशी, मी रोज हलवून उठवते यांना! दुपारी सिग्नलला गाडीतही डुलकी लागते. डॉक्टर, हे तपासता येतं का?

डॉ. सुनीता (सी-१०२): दुपारची डुलकी लागते आणि गाडी स्वतः चालवतात? मग तपासायलाच हवं. स्लीप स्टडी म्हणतात. तोपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग नको. झोपण्यापूर्वीचा पेगही बंद, त्याने घसा आणखी सैल पडतो.

सावंत (सी-४०४): कपालभातीच बरी होती.

शिंदे काकू (ए-३०१): गच्चीवर सकाळी सहाला या सगळे. दीर्घ श्वसन दहा मिनिटं, मग खाली पार्किंगमधून टेकडीपर्यंत भराभर चालायचं. कपालभाती ज्यांना चालते त्यांनाच, बीपी, हर्निया, गरोदर, डोळ्यांचं ऑपरेशन झालेले, सगळ्यांनी आधी मला सांगायचं. पाटील, गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवा.

पाटील (सेक्रेटरी): ठेवतो. उद्या मात्र नको, टाकीवाले वर असणार.

सावंत वहिनी (सी-४०४): डॉक्टर, ती स्लीप स्टडी घरी मशीन आणून करतात का? शनिवारी रात्री चालेल का, रविवारी यांना उठायची घाई नसते.

डॉ. सुनीता (सी-१०२): करतात. बोटाला, छातीला आणि नाकाला सेन्सर लावून नेहमीसारखं झोपायचं. चिठ्ठी लिहून ठेवते, संध्याकाळी घेऊन जा.