कॉम्पॅक्ट : संहत, घन की आवळ?

निशाचर :
२०२०च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचं मानपत्र मराठीत करतोय. पेनरोझ यांच्या ओळीत कृष्णविवर हा शब्द आहे. गेन्झेल आणि गेझ यांच्या ओळीत मात्र नाही, तिथे आहे आकाशगंगेच्या केंद्रातलं 'सुपरमॅसिव्ह कॉम्पॅक्ट ऑब्जेक्ट'. मी 'महाकाय संहत वस्तू' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'महाकाय कृष्णविवर' केलं, समासात शेरा : 'तेच ते.' खरंच तेच ते आहे का? आणि पुढे अल्ट्राकॉम्पॅक्ट आलं तर काय लिहू?

जुनीवही :
संहत नको. शाळेतलं संहत सल्फ्युरिक आम्ल आठवून हात मागे जातो. सरळ 'अतिघन' लिहा.

तिरकस :
घन म्हटलं की घनता आली. एम८७ दीर्घिकेतलं साडेसहा अब्ज सूर्यांचं कृष्णविवर घ्या. वस्तुमानाला क्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेच्या, आतल्या आकारमानाने भागलं तर सरासरी घनता हवेपेक्षाही कमी भरते. शून्य चुकलं असेल म्हणून मी दोनदा करून पाहिलं. मुद्दा वस्तुमान आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तराचा आहे, घनतेचा नाही.

जुनीवही :
बापरे. मग 'आवळ'. आजी म्हणायची, गाठ आवळ बसलीय.

कानामात्रा :
'अतिआवळ' एकदा मोठ्याने म्हणून बघा, जीभच आवळली जाते. संहत म्हणजे सम् + हन्, ठोकून एकत्र केलेलं. चपखल आहे. आम्लाने बळकावला म्हणून शब्द सोडून द्यायचा?

निशाचर :
पण 'तेच ते'चं काय?

तिरकस :
तेच ते नाही. त्या दोघांच्या गटांनी पाहिले ते तारे. एस२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो. त्यावरून मधल्या वस्तूचं वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांएवढं निघतं आणि ते अगदी थोड्या जागेत कोंबलंय एवढं कळतं. क्षितिज आहे की नाही, हे कक्षा सांगत नाही. याच वस्तूच्या २०२२मध्ये आलेल्या प्रतिमेतला काळा डागही क्षितिज नव्हे. प्रकाश जिथे वळसे घेत फिरू शकतो, त्या कड्याने आखलेली ती सावली. असं कडं असण्याइतकी आवळलेली वस्तू म्हणजेच अल्ट्राकॉम्पॅक्ट, आणि ग्रॅव्हास्टारसारख्या क्षितिज नसलेल्या, अजून कागदावरच्याच वस्तूंनाही ते असू शकतं.

जुनीवही :
मग ओळखायचं कसं?

तिरकस :
पृष्ठभाग शोधून. न्यूट्रॉन ताऱ्यावर, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या घट्ट गाभ्यावर, जोडीदार ताऱ्याकडून आलेला वायू साचतो, पेटतो, क्ष-किरणांचा भडका उडतो. ज्या जोड्यांमध्ये कृष्णविवर मानलं जातं तिथे असे भडके दिसत नाहीत. साचायला जमीनच नसावी. दुसरं, दोन वस्तू एक झाल्या की गुरुत्वीय लहरी घंटेसारख्या विरत जातात. क्षितिजाऐवजी तिथे परावर्तन करणारं काही असेल, तर मागाहून प्रतिध्वनी यायला हवेत. शोध चालू आहे, सर्वांना पटेल असा एकही सापडलेला नाही. पृष्ठभाग क्षितिजाला जितका खेटून, तितका प्रतिध्वनी उशिरा. म्हणून 'नाहीच' असंही म्हणता येत नाही.

कानामात्रा :
लहरींना कुठला ध्वनी? 'पडसाद' म्हणा.

तिरकस :
साद म्हणजे आवाजच की.

जुनीवही :
मला तर 'विवर'च खटकतं. चंद्रावरच्या विवराला तळ असतो.

कानामात्रा :
शिवाय वि + वृ म्हणजे उघडणं. हे तर सगळं झाकून ठेवतं. कृष्णझाकण!

निशाचर :
अहो, उद्या मजकूर परत द्यायचाय. संहत की आवळ?

कानामात्रा :
थांबा हो, आधी पडसादचं ठरू द्या.