पाच वर्षांच्या मुलाला घरातली कामं कशी लावायची?

दोन पिल्लांची आई:
मुलगा ५ चा, मुलगी ८ ची. आम्ही दोघंही जॉबला, साडेसातला घरी येतो तर दप्तर सोफ्यावर, मोजे टीव्हीखाली, डबा दप्तरात तसाच आंबलेला. दिवाळीनंतर मी प्रत्येक कामाला ५ रुपये द्यायला लागले, आठ-दहा दिवस मस्त चाललं आणि परवा मुलीला म्हटलं आजीला पाणी नेऊन दे गं, तर म्हणते "किती देणार?" इतकं वाईट वाटलं ना. सासूबाई म्हणतात लहान आहेत, मोठी झाली की करतील, मुलाला तर काही करूच देत नाहीत. कुठून सुरू करू?

बालवाडीताई:
ताई, पैसे आधी बंद करा. खाऊचे पैसे द्यायचेत तर वेगळे द्या, घरातल्या कामाचे नकोत. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमला लहान मुलांची शाळा काढली, त्यांच्या पद्धतीत पाणी ओतणं, पुसणं, बटणं लावणं हाच लहान मुलांचा अभ्यास. त्यासाठी महाग खेळणी आणायची गरज नाही, आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड या गावांत शंख-शिंपले, बिया, पानं घेऊनच मुलांना शिकवलं. तुमचं स्वयंपाकघर पुरेसं आहे.
मुलाला छोटा तांब्या द्या, अर्धाच भरलेला, खाली ताट, बाजूला फडकं. सांडलं तर ओरडायचं नाही, फक्त फडक्याकडे बोट दाखवायचं, आमच्या वर्गात चौथ्या-पाचव्या दिवशी पोरं न सांगता पुसतात. मोज्यांच्या जोड्या लावणं, जेवायला पानं घेणं त्याला सहज जमेल. मुलगी स्वतःचा डबा विसळेल, कुकरचे तांदूळ वाटीने मोजून धुवेल.

एक बाबा:
माझी चूक सांगतो. मुलगा ६ चा असताना टॉवेलच्या घड्या घालायचा, वाकड्यातिकड्या, आणि तो झोपला की मी त्या परत घालायचो. एकदा सकाळी त्याने कपाट उघडलं आणि म्हणाला "बाबा, ही माझी घडी नाहीये." पुढचे दोन महिने त्याने कपड्यांना हात लावला नाही. मला अजून ते टोचतं. त्यामुळे प्लीज, वाकडं तर वाकडं, राहू द्या. आणि असं एक काम द्या की त्याने केलं नाही तर घरात अडेल. आमच्याकडे रात्री सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या तोच भरतो, विसरला तर सकाळी सगळे त्यालाच विचारतात.

नातवंडांची आजी:
अगं, सासूबाईंना दोष देऊ नकोस, त्यांना सोबत घे. आमच्या वेळी मुलांना कुणी कामं सांगत नसे, माझा मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा त्याला साधा चहा येत नव्हता, तापाने फणफणला तरी बाहेरचं खात राहिला बिचारा. म्हणून आता नातवाला मी शेजारी बसवून कोथिंबीर निवडायला लावते. पिवळी पानं वेगळी, काड्या वेगळ्या, निवडता निवडता शाळेतलं सगळं सांगतो, एरवी विचारलं तर तोंड उघडत नाही. तुळशीला पाणीही त्याचंच.

दोन पिल्लांची आई:
सगळ्यांना खूप थँक्यू. मुलीला जवळ घेऊन सांगितलं की आता कामाचे पैसे नाहीत, जरा रुसली पण डबा विसळला. मुलाला आज सासूबाईंसोबत एक किलो मटार सोलायला बसवलं, मी मुद्दाम तिकडे गेलेच नाही. आतून आवाज आला, "अरे सोन्या, सगळे दाणे खाऊ नको, भाजीला ठेव, आणि हे बघ, शेंग अशी दाबायची." अर्धा तास दोघंही उठले नाहीत.