१-ऑक्टीनपासून सरळ साखळीचा नोनानल वाढवायचाय, काय बदलू?

कोल्हापूर_रिअॅक्टर: नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पीएचडी करतोय, विषय हायड्रोफॉर्मिलेशन, म्हणजे डबल बाँडवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि हायड्रोजन जोडून अल्डिहाइड करायचं, माझ्याकडं १-ऑक्टीनपासून नोनानल. कॅटलिस्ट ऱ्होडियम, त्याच्या सहापट ट्रायफिनाइलफॉस्फिन (धातूला चिकटणारा रेणू, म्हणजे लिगंड), टोल्युइन, सीओ-हायड्रोजन १:१, ४० बार, १२० डिग्री. १-ऑक्टीन सगळं संपतंय पण एन/आयसो (सरळ अल्डिहाइड भागिले फांदीवालं) २.५ च्या वर जाईना आणि जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) ऑक्टीनला चिकटून बारके बारके पीक दिसतात. प्रेशर अजून वाढवू का? ऱ्होडियम लई महाग, उगं रन वाया घालवायचं जिवावर येतं.

लोटे_प्रोसेस: भावा, प्रेशर अजिबात वाढवू नको. ते बारके पीक म्हणजे २-ऑक्टीन, ३-ऑक्टीन, डबल बाँड आत सरकलाय आणि त्याच्यापासनं जे अल्डिहाइड होतं ते बहुतेक फांदीवालंच, १२० ला हे होणारच, ९० वर ये. आणि सहापट फॉस्फिन म्हणजे काहीच नाही. सीओ आणि फॉस्फिन ऱ्होडियमवर एकाच जागेसाठी भांडतात, सीओ जिंकला की धातूभोवतीची गर्दी कमी होते आणि आयसो वाढतो. फॉस्फिन १०० पट कर, प्रेशर १५-२० बार. रेट पडेल, पडू दे. प्रोपीनच्या प्लँटातही फॉस्फिन असंच भरपूर ठेवतात.

लिगंडवाली: दादांचं बरोबर, फक्त सीओ फारच कमी करू नकोस, मग आयसोमरायझेशन उलट वाढतं. जमलं तर झँटफॉस मागव, दोन फॉस्फरसवाला लिगंड, बाइट अँगल (दोन फॉस्फरस धातूला धरतात तो कोन) ११० च्या आसपास, ८० डिग्री, १० बारला १-ऑक्टीनवर एन/आयसो ५० च्या घरात जातो, आणि लिगंड ऱ्होडियमच्या दोन-पाचपटच लागतो. आधी ऱ्होडियम आणि लिगंड सिनगॅसखाली (सीओ-हायड्रोजनच्या मिश्रणाखाली) गरम करून घे, ऑक्टीन नंतर सोड. ऑक्टीन अॅल्युमिनातनं गाळून घ्यायचंच, जुन्या बाटलीतले पेरॉक्साइड फॉस्फिन खाऊन टाकतात.

कोल्हापूर_रिअॅक्टर: ताई, दादा, लई आभार! आणि टीपीपीटीएस, म्हणजे पाण्यात विरघळणारा फॉस्फिन, वापरला तर? कॅटलिस्ट परत मिळेल.

लोटे_प्रोसेस: जर्मनीत १९८४ पासनं प्रोपीनवर चालतंय ते, पण ऑक्टीन पाण्यात विरघळत नाही त्यामुळं रिअॅक्शन रांगते. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) रघुनाथ चौधरींच्या गटानं १९९५ ला ऑक्टीनच्या थरात साधं ट्रायफिनाइलफॉस्फिन घालून रेट बराच वाढवून दाखवला, ते वाच.

लिगंडवाली: आणि नुसता एन/आयसो लिहू नकोस, उरलेली आतली ऑक्टीनं पण टक्क्यात दे, इंटर्नल स्टँडर्ड (मोजून टाकलेला वेगळा पदार्थ, तुलनेसाठी) टाकून. सीओचा अलार्म चालू आहे ना रे लॅबमध्ये? सीओला वास नसतो, रन लावायच्या आधी तपास.