मदत हवी आहे: सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर वडिलांना गोल्फ खेळायला न्यायचंय, टी टाइम (खेळ सुरू करायची राखीव वेळ) कसा मिळवू?

पोवईनाका
नमस्कार मंडळी. जुलै २०२७ मध्ये वडील सत्तरीचे होतील. त्यांना स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एकदा खेळायला न्यायचंय. आयुष्यभर फौजेत काढलं, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आत्ता पहिल्यांदा बोलून दाखवलंय. पुण्यातला एक एजंट 'खात्रीचा टी टाइम' देतो म्हणतोय, पण येत्या शुक्रवारपर्यंत निम्मी रक्कम भरा म्हणून मागे लागलाय. आकडा ऐकून घरात सगळे गप्प झालेत. भरू की नको? ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे) खरी किती असते? शनिवारी पोचायचं, रविवारी खेळायचं, सोमवारी लंडन, असा बेत आहे. कृपया लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

संगममाहुली
किती जण जाणार? खेळणारे किती? हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) किती? व्हिसा काढलाय का? यातलं काहीच लिहिलं नाही तर लोक सांगणार काय?

मिरज_जंक्शन
दादा, एजंटला एक रुपया देऊ नका. मी २०१९ ला गेलो होतो. आगाऊ काही लागत नाही. पहाटे दोनला उठायचं, ओल्ड पॅव्हिलियनसमोर रांगेत जाऊन बसायचं, एकटा माणूस असेल तर सकाळी कुठल्या तरी गटात जागा मिळते. मला मिळाली. थंडी कडाक्याची होती, कानटोपी घेऊन जा. बाकी सगळा धंदा आहे.

कृष्णाकाठ
मी मूळची सांगलीची, सध्या स्कॉटलंडमध्येच डंडीला असते. सेंट अँड्र्यूज इथून बसने जाण्याइतकं जवळ. आधी दोन गोष्टी सांगते, कारण सगळा बेत त्यांवर अडणार आहे.

पहिली, ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो. मोठी स्पर्धा असेल तेवढाच अपवाद. रविवारी गावातली माणसं तिथे कुत्री घेऊन फिरतात.

दुसरी, जुलै २०२७ मध्ये १५५ वी ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा तिथेच आहे. त्या काळात तुम्हा-आम्हाला खेळायला मिळणार नाही, आणि गावात खोली मिळणंही मुश्कील. महिना बदलाच.

मिरजकर, तुमचा अनुभव खरा, पण ती रांग आता राहिली नाही. २०२४ पासून एकट्या खेळाडूसाठी रोजची सोडत असते. आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन नाव नोंदवायचं, संध्याकाळी फोनवर निकाल येतो.

मिरज_जंक्शन
रांगेत निदान कष्टाला फळ होतं. जो आधी आला तो खेळला. सोडतीत काय, नशीब.

कृष्णाकाठ
सत्तरीच्या माणसाला रात्रभर वाऱ्यात बसवण्यापेक्षा नशीब परवडलं, काका.

पोवईनाका
रविवारचं एजंट एका शब्दाने बोलला नाही! धन्यवाद ताई. जाणार आम्ही तिघं, मी, आई आणि वडील. खेळणार फक्त वडील, मला बॅट सोडून काही धरता येत नाही. व्हिसा अजून नाही. आता ग्रीन फीचं सांगा कोणीतरी.

संगममाहुली
ग्रीन फी हंगामात ३०० पौंडांच्या वर आहे, एका माणसाची एका खेळाची. नेमका आकडा कोर्स सांभाळणाऱ्या लिंक्स ट्रस्टच्या साइटवर दरवर्षी बदलतो. कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) घेतला तर त्याचे पैसे आणि बक्षिशी वेगळी.

पण खरी अडचण पैशाची नाही. रोजच्या बॅलटला, म्हणजे गटांच्या सोडतीला, किमान दोन खेळाडू लागतात, जास्तीत जास्त चार. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत अर्ज करायचा, तिथल्या वेळेने. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. एकटे वडील त्यात बसत नाहीत.

सज्जनगड
त्यात काय एवढं? दुसरा खेळाडू म्हणून स्वतःचं नाव टाका. नंबर लागला की सांगायचं पाय मुरगळला.

संगममाहुली
असले सल्ले देऊ नका. हँडिकॅपचा पुरावा दोघांनाही लागतो. दारात अडवलं तर त्या म्हाताऱ्या माणसाने करायचं काय? शिवाय कुणाची तरी खरी जागा आपण खायची.

सज्जनगड
बरं राव, राहिलं. सुचलं ते बोललो.

निवृत्त_फौजी
पोवईनाका, वडिलांचं हँडिकॅप सांगा. कुठे खेळतात ते? पुण्यात येरवड्याला की कॅन्टोन्मेंटात? इंडियन गोल्फ युनियनच्या यंत्रणेत त्यांची चालू नोंद आहे का? आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे पंधरा वर्षांपूर्वीचं कार्ड असतं आणि ते त्यालाच हँडिकॅप समजतात. तिथे ते चालणार नाही.

पोवईनाका
सर, महिन्यातून एखाद्या वेळी पुण्याला जातात, जुन्या पलटणीतल्या मित्रांबरोबर. एरवी सकाळी गच्चीवर सतरंजी अंथरतात, स्टीलचा पेला आडवा ठेवतात आणि तासभर त्यात चेंडू घालत बसतात. कार्ड आहे, पण पिवळं पडलंय. तारीख पुसट झालीय.

निवृत्त_फौजी
मग आजपासून हेच काम. क्लबमार्फत नोंद करून घ्या, पूर्ण खेळाचे स्कोअर भरायला लागा. हँडिकॅप इंडेक्स स्कोअरवरून निघतो, ओळखीवर नाही. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागेल, व्हिसाला नाही.

आणि गुडघे कसे आहेत? ओल्ड कोर्सवर सरसकट बग्गी (बसून फिरायची गाडी) मिळत नाही, अठरा होल चालायचे. जमीन चढाची नाही पण लाटांसारखी आहे, एक पाय वर एक पाय खाली. अजिंक्यताऱ्यावर रोज जात असतील तर काळजी नाही.

पोवईनाका
रोज नाही, पण अजिंक्यताऱ्याखालच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत जातात, काठी न घेता. म्हणजे एजंटचा टी टाइम खोटा समजायचा का? शुक्रवार जवळ आलाय.

कृष्णाकाठ
खोटाच असेल असं नाही. लिंक्स ट्रस्टने काही कंपन्यांना अधिकृतपणे आगाऊ वेळा दिलेल्या आहेत, त्या हॉटेलसकट पॅकेज विकतात आणि म्हणून महाग असतात. त्यांची यादी ट्रस्टच्या साइटवर आहे. तुमचा एजंट त्या यादीतल्या कोणाकडून घेतोय ते नाव लेखी मागा. नाव सांगितलं तर विचार करा. टाळाटाळ केली तर तिथेच थांबा. एक मात्र नक्की, जो माणूस तुम्हाला ओपनच्या महिन्यात रविवारचा बेत आखू देतो, त्याला कोर्सची माहिती नाही.

ओल्ड कोर्स हा कुणाचा खाजगी क्लब नाही. जमीन सार्वजनिक आहे आणि १९७४ च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो. दगडी इमारतीतला आर अँड ए हा खाजगी गोल्फ क्लब वेगळा, त्याच्या आत पाहुण्यांना प्रवेश नाही. म्हणून 'माझी आत ओळख आहे' असं कोणी म्हणालं तर सोडून द्या.

माणदेशी
विषय सोडून बोलतोय, पण राहवत नाही. आमच्या माण-खटावात मार्च लागला की बाया टँकरची वाट बघत बसतात. आणि इथे हिरव्या गालिच्यावर चेंडू मारायला लाखो रुपये. एका गोल्फ कोर्सला पाणी किती लागतं, कुणी हिशोब केलाय?

संगममाहुली
माणूस वडिलांची इच्छा पुरी करतोय, त्याला कशाला टोचता?

माणदेशी
त्यांना नाही टोचत. प्रश्न पाण्याचा आहे आणि तो खरा आहे.

कृष्णाकाठ
माणदेशी दादा, प्रश्न बरोबरच आहे, विशेषतः आपल्याकडे कोरड्या भागात जे कोर्स काढतात त्यांना तो विचारलाच पाहिजे. सेंट अँड्र्यूजची गोष्ट जरा वेगळी आहे. ती समुद्रालगतची वाळूची जमीन, शेतीला निरुपयोगी, म्हणून तिथे मेंढ्या चरायच्या. गवत फेस्क्यू जातीचं, कमी पाण्यावर तगणारं. ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक गवताला) पाणी देतात, पण कडक उन्हाळ्यात फेअरवे (मधल्या खेळायच्या पट्ट्या) चक्क पिवळे पडतात आणि चेंडू त्यावर जास्तच पळतो. तिथल्या खेळाडूंना तेच आवडतं. गालिचा अजिबात नाही.

माणदेशी
हे माहीत नव्हतं. मेंढ्यांचं ऐकून बरं वाटलं.

नीरा_काकू
मला गोल्फमधलं काही कळत नाही, पण आई बरोबर आहेत म्हणून लिहिते. खाण्याचं बघा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट बरोबर असू द्या. आणि कॅडीला, हॉटेलवाल्यांना द्यायला साताऱ्याचे कंदी पेढे न्या. परक्या मुलखात गोड दिलं की माणसं आपली होतात.

कृष्णाकाठ
काकू, पेढे नका हो सांगू! भारतातून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. चटणी, मेतकूट चालेल. पेढ्यांऐवजी गूळ-शेंगदाण्याची चिक्की द्या, फक्त तूप घातलेली नको.

पोवईनाका
एजंटला लेखी नाव मागितलं. म्हणतो, "आमचं स्कॉटलंडला कनेक्शन आहे, नाव सांगता येत नाही." पैसे भरणार नाही, ठरलं. ताई, मग आता बेत कसा आखू? आईला तिथे करायला काय आहे?

कृष्णाकाठ
मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला या. रात्री दहापर्यंत उजेड असतो. लंडन कमी करा आणि सेंट अँड्र्यूजलाच मुक्काम ठोका, रविवार ते पुढचा शनिवार. वडील रोज एकट्यांच्या सोडतीत नाव घालतील. जितके दिवस हातात, तितकी संधी. एका दिवसाचा बेत घेऊन येणारे रिकाम्या हाताने जाताना मी खूप पाहिलेत.

त्याच आठवड्यात न्यू कोर्स किंवा ज्युबिलीची एक वेळ आधीच बुक करून ठेवा. 'न्यू' म्हणजे १८९५ चा, ओल्ड टॉम मॉरिसने आखलेला, ओल्डला अगदी लागून. समजा सोडतीत नाव निघालंच नाही, तरी वडील त्याच वाऱ्यात, त्याच वाळूवर खेळून येतील. खाडीपलीकडे कार्नूस्टीही आहे, ओपनचाच कोर्स.

रविवार वाया जात नाही. त्या दिवशी तिघांनी मिळून ओल्ड कोर्सवर फिरा. कोर्सवरच्या छोट्या दगडी स्विल्कन पुलावर वडिलांचा फोटो काढा. सतराव्या होलच्या ग्रीनमागे रस्ता आणि दगडी भिंत आहे, चेंडू तिथे गेला तरी तिथूनच मारावा लागतो. ती जागा त्यांना आधी पायांनी बघू दे, मग खेळताना हात थरथरणार नाही. आईंसाठी शेजारीच 'हिमालयाज' नावाचं उंचसखल पटिंगचं (चेंडू हळूच ढकलून होलमध्ये घालायचं) मैदान आहे, १८६७ पासून बायकांच्या क्लबचं. थोडे पैसे भरले की कोणालाही खेळता येतं. आईंना पटर नक्की धरायला लावा.

संगममाहुली
व्हिसा तिघांचाही काढा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही. केंद्र पुण्यात आहे. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. वडिलांची पेन्शनची कागदपत्रं जोडा आणि खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र द्या.

निवृत्त_फौजी
विमान एडिनबरापर्यंत घ्या, दुबई किंवा दोहावरून मिळतं. तिथून रेल्वेने लूकर्स स्टेशन, पुढे ९९ नंबरची बस. गोल्फ बॅग सामानात किती किलोपर्यंत चालते ते तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही.

पोवईनाका
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वडिलांना सांगितलं की जुलै नाही, मे अखेर, आणि सोडत आहे, नक्की काही नाही. म्हणाले, "सोडत आहे ना? मग ठीक आहे, सगळ्यांना सारखं." येत्या रविवारी पुण्याला स्कोअर भरायला घेऊन जातोय.

सज्जनगड
पोवईनाका भाऊ, जाता जाता एक चौकशी. साताऱ्यात बारा वर्षांच्या पोराला गोल्फ शिकवणारं कोणी आहे का? वडिलांना विचारा ना.

मिरज_जंक्शन
आणि छत्री नेऊ नका. त्या वाऱ्यात एकही टिकत नाही. पावसाळी जाकीट आणि पँट घ्या, आणि हातमोज्यांचे दोन जोड. ओला हातमोजा घालून क्लब (खेळायची काठी) हातातून सुटतो.