अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच गळ टाकायला जायचंय. हिप्परगा तलाव की उजनी धरण?

साखरपेठ:

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. उन्हाळ्यात आजोळी मामानं त्याला काठीला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बांधून विहिरीवर बसवलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गणिताच्या वहीची मागची पानं रोहू, कटला, मरळनं भरलीत. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस मोठ्या पाण्यावर नेईन असं मी कबूल करून बसलेय.

अडचण अशी की आम्हा दोघांपैकी कुणीच कधी गळ हातात धरलेला नाही. त्याचे बाबा टॉवेलच्या कारखान्यात असतात, त्यांना सुट्टी एकच दिवस. मुलाला पोहता येत नाही, मला पाण्याची भीती आहे. होडीवाला सोबत राहून शिकवतो का? काठी, गळ वगैरे आपण विकत घ्यायचं की तो देतो? आणि पोहता न येणाऱ्या मुलाला होडीत बसवावं का, हे मला कुणीतरी खरं खरं सांगा.

सातरस्ता:

जवळ म्हणाल तर हिप्परगा. तुळजापूर रोडला, घरून निघालं की अर्ध्या तासात पाण्यावर. इंग्रजांच्या काळातला, 1871 साली पुरा झालेला तलाव आहे. काठावर बसून गळ टाकायला पहिल्या वेळी बरा. पण मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल त्यांच्या माणसाला विचारल्याशिवाय बसू नका. त्यात त्यांचं पोट आहे. विचारलं की बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. काठाला गाळ असतो, मुलाला चपलेवर नेऊ नका, बूट घाला. सिद्धेश्वर तलावाचं मात्र मनातही आणू नका, ते देवाचं पाणी आहे.

निवृत्त बाई:

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. पहिला मासा धरला तो निवृत्तीनंतर, उजनीवर. त्यामुळे नवख्या माणसाला काय कळत नाही ते मला अजून आठवतंय. थोडं लांबेल, पण वाचा.

आधी होडीवाला ठरवा, जागा नंतर. आम्ही पहिल्या वेळी उलटं केलं. भीमानगरच्या बाजूला गेलो, समोर दिसलेल्या होडीत बसलो. त्या माणसानं आम्हाला मध्यावर नेलं, हातात काठ्या दिल्या आणि स्वतः टोकाला जाऊन फोनवर बोलत बसला. दोन तास आम्ही पाण्याकडे बघत होतो. आमिष केव्हाच गळून पडलं होतं आणि आम्ही रिकामा गळ धरून बसलो होतो, हेही कुणी सांगितलं नाही. अंगावर जाकीट नव्हतं. परत येताना वारा सुटला, पाणी होडीत उडायला लागलं, तेव्हा माझ्या हातापायातलं बळ गेलं. शेजारी बसलेल्या ह्यांचा हात मी इतका घट्ट धरला होता की नखांचे वळ दोन दिवस राहिले.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं देते. जाकीट असेल तर मुलाला बसवा. नसेल तर बसवू नका, मग तो कितीही रडू दे. मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात ह्याच धरणात उलटली आणि सहा जण गेले. त्यात लहान मुलं होती. उजनीचं पाणी सकाळी आरशासारखं असतं, त्यावर विसंबू नका. जाकीट मुलाच्या मापाचं हवं. मोठ्या माणसाचं घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. घालून झाल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर ते त्याचं नाही. आणि बसायच्या आधी होडीवाल्याला एवढंच विचारा, वारा सुटला तर तुम्ही काय करता? जो म्हणेल, दुपार व्हायच्या आत आपण काठाला येतो, त्याच्याबरोबर जा. जो म्हणेल, काही होत नाही बाई, त्याला नमस्कार करून परत या.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एक काका भेटले. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, पण शिकवणं म्हणजे काय ते मी पेशानं शिक्षिका असून त्यांच्याकडे बघून पुन्हा शिकले. त्यांनी आम्हाला तासभर होडीत बसूच दिलं नाही. काठावर बसवून गाठ शिकवली. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, मूळ दोऱ्याभोवती सहा-सात वेढे द्यायचे, टोक परत डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढायचं. मग, आणि हे मी कुणाकडूनच ऐकलं नव्हतं, त्यांनी ती गाठ ओठांत धरून ओली केली आणि हळूहळू आवळली. कोरडी ओढली तर तंगूस घासून तापतो, तिथंच कमजोर होतो, आणि मासा नेमका तिथून तोडून नेतो. त्यांची बोटं जाळ्याच्या दोऱ्यांनी कापून कापून कडक झालेली, नखं जाड, पण ती गाठ त्यांनी जाईची कळी धरावी तशी धरली होती. माझ्याकडून त्यांनी ती नऊ वेळा बांधून घेतली.

साहित्य विकत घेऊ नका. पहिल्या दिवसाला बांबूची काठी, तंगूस, पाण्यावर तरंगणारं एक बूच आणि शिशाचा मणी एवढं पुष्कळ झालं, आणि ते होडीवाल्याकडे असतं. रीळची काठी मुलाच्या हातात दिली की सगळा दिवस गुंता सोडवण्यात जातो. पैसे मात्र निघायच्या आधीच ठरवा, किती तास ते धरून.

आमिष घरून न्या, त्यात मुलाचा जीव रमेल. आपल्या सोलापुरात शेंगदाण्याची पेंड कुठंही मिळते. ती भिजवून कणकेत मळायची, चपातीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट. गोळी हरभऱ्याएवढी, गळाचं टोक झाकेल एवढीच. चिलापीला, म्हणजे तिलापिया माशाला, गांडूळ जास्त आवडतं. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून बूच वरखाली सरकवून खोली बदलायची असते. हे मुलाला एकदा सांगितलं की तो काय लागतं ते बघत बसण्यापेक्षा कुठं चरतोय ह्याचा विचार करायला लागेल.

आणि बूच वाचायला शिकणं हीच खरी मजा. चिलापी टोचा मारते, बूच टुकटुक नाचतं, तेव्हा ओढायचं नाही. रोहू आला तर बूच नाचत नाही, आडवं चालायला लागतं आणि मग शांतपणे खाली जातं, जणू कुणी खालून हात धरून नेतंय. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा ओढायचंच विसरले. काका म्हणाले, बाई, आता.

चिलापी हातात घेताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून पाठीचे काटे आडवे करायचे, नाहीतर तळहातात घुसतात. त्या दिवशी एक मादी लागली होती. काकांनी तिचं तोंड हलकेच उघडून दाखवलं, आत तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, नुसते डोळे दिसत होते. ही आई पिल्लं तोंडात सांभाळते आणि तोवर खातपीत नाही, तिनं गळ का धरला कोण जाणे, असं म्हणून त्यांनी तिला ओंजळीतनं पाण्यात सोडलं. मुलाला आधीच सांगून ठेवा की काही मासे परत सोडायचे असतात. त्या क्षणी सांगितलं तर मुलं फार हिरमुसतात.

सकाळी सातच्या आत पाण्यावर असा. त्यासाठी सोलापुरातून पाचच्या आधी निघावं लागेल. हात धुवायला घरचं पाणी न्या. वरच्या शहरांचं सांडपाणी नदीतून येतं, त्यानं धरणात हिरवी साय धरते. ते पाणी तोंडाला लावू नका.

भीमाकाठ:

बाईंनी सगळं बरोबर लिवलंय. माझ्या आज्यानं भीमा नदीत जाळं टाकलं, बापानं धरणात. मी बी तेच करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

ताई, पाण्यावर थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या एका ओळीत तरंगताना दिसल्या की समजायचं खाली कुणाचं तरी जाळं हाय. तिथं गळ टाकू नका. अडकला की लोक ओढतात, आणि आमचं जाळं फाटतं. ते विणायला, सांधायला बायकांच्या रात्री जातात. गळ अडकलाच तर तंगूस कापा, जाळं नको.

दुसरं, दिवाळीला धरण भरलेलं असतंय. तेव्हा काठ म्हणजे कुणाच्या तरी उसाचा बांध. पाण्याखाली बाभळी हायत, जुन्या गावांच्या भिंती हायत. उन्हाळ्यात पाणी पार तळाला जाऊन धरण मायनसमध्ये गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतंय, ते बघितलं की कळतं आपण कशावरनं होडी नेतो. आमच्या माणसाला माहीत असतंय कुठं काय हाय. तो म्हणला इथं नको, तर का म्हणून विचारत बसू नका. परत आल्यावर विचारा, तो सांगंल, आणि सांगायला त्याला आवडंल.

मासा नाही लागला तर काठावर आमच्याकडनं ताजा घ्या. पोराला रिकाम्या हातानं घरी नेऊ नका.

साखरपेठ:

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. आम्ही उजनीला जाऊन आलो.

बाईंनी सांगितलेला प्रश्न मी दोन होडीवाल्यांना विचारला. पहिला म्हणाला काही होत नाही. दुसरे जरा विचार करून म्हणाले, दहाला आपण काठाला, मग तुम्ही थांबा म्हणला तरी थांबणार नाही. त्यांच्याबरोबर गेलो. मुलाच्या मापाचं जाकीट त्यांच्याकडे नव्हतं, ते आम्ही सोलापुरातून पोहायला शिकवणाऱ्या ओळखीच्यांकडून मागून नेलं होतं. मी होडीत बसले. पहिली दहा मिनिटं डोळे मिटून होते. मग मुलानं हळूच सांगितलं, आई, बूच चालतंय, आणि मी उघडले.

तो रोहू नव्हता. वीतभर चिलापी लागली. त्यानं पाठीवरून हात फिरवून काटे आडवे केले, अगदी बाईंनी लिहिलं तसं, मी त्याला वाचून दाखवलं होतं. मग तोंड उघडून बघितलं. आत काही नव्हतं. तरी त्यानं ती सोडली. त्याचे बाबा म्हणाले अरे, एवढ्या लांब आलो. तो म्हणाला, लहान आहे. होडीवाले काहीच बोलले नाहीत, त्यांनी त्याच्या गळाला नवीन गोळी लावून दिली.

पुढे अजून दोन लागल्या, त्या घरी आणल्या. येताना काठावरून एक रोहू घेतला, भीमाकाठ यांचा शब्द मोडला नाही. रात्री तिन्ही कालवणात गेले.

काल सकाळी दूध तापवताना बघितलं तर स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या गजाला तंगूस बांधलेला. वेढे मोजले, सात. मी सोडवायला गेले, सुटला नाही. तसाच ठेवलाय.